पैठणीच्या व्हिडिओवर आपली खूण कशी उमटवायची

मागच्या श्रावणात दुपारच्या वेळी गल्लीतल्या किराणा दुकानातला पोरगा हातात फोन घेऊन पळतच आमच्या दारात आला. "ताई, सांगलीहून कुणी काकू आहेत. साडीचं विचारतायत, आणि रडतायत."

काकूंनी इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ पाहून नऊ हजार रुपये भरले होते. साडी आली ती यंत्रमागाची. पदर उलटा केला की मागे दोरेच दोरे. पैसे घेणारं अकाउंट तोवर गायब झालेलं. पण व्हिडिओ त्यांनी फोनमध्ये ठेवला होता. तो थांबवून, मोठा करून पाहताना त्यांना मागाच्या पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. त्यावर आमच्या किराणा दुकानाचं नाव, खाली 'येवला' आणि फोन नंबर.

व्हिडिओ माझा होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, पदरावरचा बांगडी मोर विणताहेत आणि मी मागाच्या डाव्या अंगाला उभं राहून शूट केलंय. आमचं नाव मी त्यावर टाकलं होतं, खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. चोरणाऱ्यानं व्हिडिओ चौकोनी कापला, त्यात तो कोपरा गेला. कॅलेंडर त्याला कापता आलं नाही, कारण ते आप्पांच्या हाताच्या थेट वर होतं. ते कापायचं तर मोराची मान गेली असती.

त्या रात्री मी आमचे सगळे जुने व्हिडिओ उघडून बसले. खूण कुठं असायला हवी हे मला त्या कॅलेंडरनं शिकवलं होतं. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक व्हिडिओ मी ज्या पद्धतीनं तयार करते ती इथे सांगते. येवल्यात काय, पैठणमध्ये काय, घरोघरी आता आमच्या वयाची मुलंमुली हेच काम करतात: वडील मागावर आणि आपण फोनवर. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही पैठणीऐवजी मातीची भांडी विकत असाल किंवा दिवाळीचा फराळ, तरी पद्धत हीच.

मी कॅनव्हा हे डिझाइन करायचं ॲप वापरते. मोफत खातं पुरतं. फोनवरही चालतं, पण मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये करते, कारण पडदा मोठा असला की जरीवर अक्षर उठून दिसतंय की बुडतंय हे नीट कळतं.

आधी खूण तयार करा, व्हिडिओ नंतर

बहुतेकांकडे व्हिजिटिंग कार्डावरचा लोगो असतो. छपाईवाल्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. तो व्हिडिओवर टाकला की साडीवर पांढरा चौकोन चिकटवल्यासारखा दिसतो. ती पार्श्वभूमी काढून टाकायची सोय कॅनव्हात आहे, पण ती पैसे भरून घेतलेल्या खात्यात. यावर माझा उपाय असा की लोगोच्या मागे लागायचं नाही. खूण सरळ अक्षरांची करायची. कॅनव्हात 'टेक्स्ट' घेऊन लिहिलेल्या मजकुरामागे काही नसतंच, त्यामुळे चौकोनाचा प्रश्नच येत नाही.

नवं रिकामं डिझाइन उघडा, त्याला 'खूण' असं नाव द्या आणि त्यात मजकूर लिहा. काय लिहायचं? सांगलीच्या काकूंना काय उपयोगी पडलं ते आठवा: नाव, गाव आणि नंबर. आमच्या खुणेत दोनच ओळी आहेत. वरच्या ओळीत घराचं नाव, खालच्या ओळीत 'हातमाग, येवला' आणि त्यापुढे फोन नंबर. नंबर इंग्रजी अंकांत लिहिलाय, म्हणजे इंदूरच्या किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकालाही लावता येतो. इन्स्टाग्रामचं नाव मी घालत नाही. चोराच्या अकाउंटवर आपला व्हिडिओ बघणारं माणूस दुसरं अकाउंट शोधत बसेल याची खात्री नसते, नंबर मात्र लगेच लावतं.

आता अक्षरांबद्दल. इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी जरा थांबून काम करायला हवं, कारण इंग्रजी अक्षरांसाठी सांगितलेल्या युक्त्या देवनागरीला चालत नाहीत.

एक म्हणजे अक्षरांतलं अंतर वाढवू नका. इंग्रजी नावं अशी सुटी सुटी लिहिली की छान दिसतात, म्हणून आपणही 'लेटर स्पेसिंग'ची पट्टी सरकवतो. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते. 'येवला' हा एक शब्द राहत नाही, तीन तुकडे होतात. ती पट्टी शून्यावरच ठेवा. मजकूर कमानीसारखा वळवायचा 'कर्व्ह' हा पर्याय आहे, त्यातही शिरोरेषेचे तेच हाल होतात.

दुसरं, बारीक फॉन्ट घेऊ नका. खूण अर्धी पारदर्शक होणार, वर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करणार. त्यात आधी जातात वेलांट्या, मग मात्रा, मग अनुस्वार. मी 'मुक्ता' घेते, त्यातलं सेमी-बोल्ड वजन. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या, फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला हा फॉन्ट आहे. लहान आकारातही वाचता येतो.

आणि 'ल' कडे बघा. मराठीतला 'ल' पाकळ्यांचा, उजवीकडे उभा दंड नसलेला. महाराष्ट्र शासनानं २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची वळणं ठरवली आहेत. पण बऱ्याच फॉन्टांत दंडाचा, हिंदी वळणाचा 'ल' येतो. 'येवला' लिहायचं तर हे अक्षर चुकवता येत नाही. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' टाइप करून पाहा. पाकळीचा 'ल' मिळाला आणि अक्षर जाडही असलं तर तोच घ्या. दोन्ही जमत नसेल तर मी जाडीला आधी मान देते, कारण नंबर आणि नाव वाचता आलंच पाहिजे. आप्पांना हे पटत नाही. ते म्हणतात, मोराची चोच वाकडी झाली तर आपण दोरा उसवतो, मग अक्षर का चालवून घ्यायचं? त्यांचं म्हणणं मनात ठेवून मी अजून फॉन्ट शोधते आहे.

दोन्ही ओळी लिहून झाल्या की दोन्ही निवडा आणि 'ग्रुप' करा, म्हणजे त्या एकत्र हलतील. खूण तयार झाली.

व्हिडिओ चढवण्याआधी

व्हिडिओ फोनमध्येच कापून घ्या. आमच्याकडे एका मोराला कितीतरी वेळ लागतो, त्यातलं दाखवण्यासारखं चाळीस सेकंदांचं असतं. तेवढंच चढवलं तर घरच्या इंटरनेटवरही लवकर होतं. फोनमधून लॅपटॉपवर पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, त्यात तो दाबला जातो आणि जरीची चमक पुसट होते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा सरळ केबल लावा.

कॅनव्हात 'क्रिएट अ डिझाइन'मध्ये जाऊन माप निवडा. रील किंवा स्टेटससाठी उभं, १०८० बाय १९२०. यूट्यूबसाठी आडवं, १९२० बाय १०८०. शूट उभं आणि डिझाइन आडवं असं झालं की दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते, म्हणून हे आधीच जुळवा. मग 'अपलोड्स'मध्ये व्हिडिओ टाका आणि ओढून पानावर सोडा. पानाच्या कडेपर्यंत नेला की तो आपोआप पूर्ण पान व्यापतो.

आता 'खूण' डिझाइन उघडा, गटावर क्लिक करून कॉपी करा आणि व्हिडिओच्या पानावर पेस्ट करा.

खूण कुठं ठेवायची

खरं काम इथे आहे. कोपरा ही सगळ्यात वाईट जागा.

उभा व्हिडिओ १९२० उंचीचा. चोरानं तो मधोमध चौकोनी कापला तर १०८० उरतात, म्हणजे वरून ४२० आणि खालून ४२० जातात. त्या दोन पट्ट्यांत ठेवलेली कुठलीही खूण एका कात्रीत गेली. शिवाय रीलमध्ये खालच्या बाजूला अकाउंटचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं, त्यामुळे तिथं लिहिलेलं तसंही झाकलं जातं. राहिला तो मधला भाग. आणि मधल्या भागात असते आपली साडी.

मग साडी झाकायची का? नाही. पैठणी बघणारं गिऱ्हाईक पदर मोठा करून बघतं. मोराच्या पिसाऱ्यात किती रंग आहेत, काठ सरळ आहे का, जर कशी बसलीय, हे तिथेच कळतं. त्याच्यावर अक्षरं टाकली तर व्हिडिओ काढला कशाला? मी नक्षीवर खूण ठेवत नाही. नक्षीला चिकटून ठेवते.

मागावरची पैठणी नीट पाहिली तर चौकटीत तीन वेगवेगळ्या जागा दिसतात. विणून झालेला पदर, त्यावर नक्षी आणि जर. त्याच्या पुढे न विणलेला ताणा, एका रंगाच्या उभ्या दोऱ्यांची सपाट पट्टी. आणि मध्ये विणकराचे हात, रेशमाच्या रंगीत कांड्या इकडून तिकडे घालणारे. माझी खूण ताण्यावर असते, पण विणीच्या कडेला अगदी लागून, इतकी की हात पुढे आले की ते खुणेखालून जातात. यानं दोन गोष्टी साधतात. ती कापायची तर विणीची कडही कापावी लागते, आणि तीच तर व्हिडिओतली बघण्याची जागा. शिवाय पुसायची म्हटली तर खालचं चित्र सतत बदलत असतं: कधी दोरे, कधी बोटं, कधी कांडी. स्थिर भिंतीवरचं अक्षर पुसणारी साधनं आता कुणाच्याही फोनमध्ये असतात. हलत्या हातावरचं अक्षर पुसलं की तिथं धुरकट डाग उमटतो, आणि बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी होतं.

रुंदीत खूण पानाच्या साधारण एक तृतीयांश ठेवते. १०८० मध्ये ३५०-४००. त्याहून मोठी केली की जाहिरातीसारखी वाटते.

मजकूर निवडला की वरच्या पट्टीत चौकटी-चौकटीचं एक चिन्ह दिसतं, ते ट्रान्सपरन्सीचं. १०० म्हणजे अक्षर पूर्ण ठळक, ० म्हणजे अदृश्य. गडद रंगाच्या ताण्यावर, म्हणजे जांभळा, मोरपंखी, कुंकवाचा लाल, मी पांढरं अक्षर ४५ वर ठेवते. पिवळ्या किंवा फिक्या गुलाबी साडीवर पांढरं चालतच नाही, तिथे गडद मरून अक्षर, ५५-६० वर. जर मध्ये आली की आणखी एक अडचण: उजेड पडला की ती क्षणभर पांढरी होते आणि पांढरं अक्षर त्यात विरघळतं. त्यासाठी 'इफेक्ट्स'मध्ये 'शॅडो' लावा, काळी, थोडीशीच. मागची जर चमकली तरी सावलीमुळे अक्षराची कड दिसत राहते.

आकडा ठरवायच्या आधी पूर्ण व्हिडिओ एकदा चालवून पाहा. एका थांबलेल्या चित्रावर ठरवलेला आकडा पुढच्या दहा सेकंदांत फसतो.

जागा पक्की झाली की खुणेवर उजवं क्लिक करून 'लॉक' करा. नाहीतर पुढचं काहीतरी हलवताना ती चुकून सरकते आणि लक्षातही येत नाही.

एकाहून जास्त क्लिप असतील तर

कॅनव्हात व्हिडिओ पानापानांचा असतो. पहिल्या पानावर टाकलेली खूण फक्त त्या पानापुरती. आधी धोटा चालतानाचं, मग मोर, मग साडीची घडी, अशा तीन क्लिप जोडल्या आणि खूण पहिल्यावरच राहिली, तर उरलेल्या दोन क्लिप कोणीही उचलू शकतो. म्हणून खूण कॉपी करून प्रत्येक पानावर पेस्ट करा. ती त्याच जागी बसते, मग त्या क्लिपमधल्या साडीप्रमाणे थोडी हलवून घ्या. सगळीकडे एकाच जागी ठेवायची नाहीच.

एकच लांब क्लिप असेल तेव्हाही मी जागा बदलते. खालच्या टाइमलाइनवर मध्याच्या आसपास थांबायचं, उजवं क्लिक करून 'स्प्लिट पेज' करायचं. पानाचे दोन भाग होतात आणि खूण दोन्हींवर येते. दुसऱ्या भागातली खूण ताण्याच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. बघणाऱ्याला हे खटकत नाही, पण एका जागी पट्टी मारून काम भागवणाऱ्याला दोनदा मेहनत पडते. खुणेला उड्या मारणारं ॲनिमेशन मात्र लावू नका. गिऱ्हाइकाचं लक्ष मोरावरून अक्षरावर जातं, आणि खूण आत-बाहेर होताना मधले काही क्षण व्हिडिओ मोकळाच राहतो.

एकदा मनासारखं डिझाइन झालं की ते जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याची प्रत काढायची आणि नवा व्हिडिओ जुन्याच्या वर ओढून सोडायचा. जुना जातो, नवा बसतो, खूण तशीच राहते. पानाचा कालावधी तेवढा तपासा, नवी क्लिप लांब असेल तर शेवट कापला गेलेला असू शकतो. मला सुरुवातीला एका व्हिडिओला तास लागायचा. आता दहा मिनिटांत होतं, त्यातली सहा मिनिटं जागा आणि रंग ठरवण्यात जातात, आणि ती जायलाच हवीत.

उतरवून घेताना

'शेअर', मग 'डाउनलोड', प्रकार 'एमपी४ व्हिडिओ', दर्जा १०८०पी. सगळी पानं निवडलीत ना, बघा. सजावटीसाठी कॅनव्हातलं एखादं फूल किंवा वेलबुट्टी घेतली असेल आणि त्यावर मुकुटाचं चिन्ह असेल, तर ते पैशाचं आहे. मोफत खात्यातून तसंच उतरवायला गेलात तर पैसे तरी मागितले जातात, नाहीतर आपल्या व्हिडिओवर कॅनव्हाची खूण येते. मी सजावट घेतच नाही. पैठणीच्या शेजारी छापील फूल कशाला?

उतरवलेला व्हिडिओ फोनवर घ्या, स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तो पाठवलेला व्हिडिओ उघडा. लोक हाच बघणार. फोनचा उजेड कमी करून एकदा, दुपारी दारात उन्हात उभं राहून एकदा. मी नंतर आईच्या हातात देते. तिला चष्म्याशिवाय नंबर वाचता आला पाहिजे, आणि तिनं स्वतःहून "नक्षी झाकली गं" असं म्हणता कामा नये. तिनं म्हटलं की मी परत लॅपटॉप उघडते.

कोरा व्हिडिओ सांभाळून ठेवा

फोनमधला मूळ व्हिडिओ, न कापलेला, बिनखुणेचा, कधीही पुसू नका. मी एका पेनड्राइव्हवर महिन्यावार फोल्डर करून ठेवते. तुमच्याकडे लांब, पूर्ण व्हिडिओ आहे आणि चोराकडे कापलेला तुकडा, हा फरक तक्रार करताना कामी येतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सगळीकडे कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे. आपला मूळ व्हिडिओ कुठे आणि कधी टाकला त्याची लिंक आणि चोरलेल्याची लिंक, हे त्यात लागतं.

आमच्याकडे बरेच जण म्हणतात, आपण कुठे नोंदणी केलीय, आपला कसला हक्क? हक्क आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. तुम्ही स्वतः शूट केलं तेव्हाच तो तुमचा झाला. २०१२ साली त्या कायद्यात कलम ६५ब घातलं गेलं. कृती कुणाची आहे हे सांगणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. व्हिडिओवर आपलं नाव स्पष्ट लिहिलेलं असलं की ते कुणी काढलं हे बोटानं दाखवता येतं. नाव नसेल तर दाखवायचं काय?

कोरा व्हिडिओ मी एकाच माणसाला देते: ज्याची साडी आहे त्याला. साडी मागावरून उतरली की तिचा बिनखुणेचा व्हिडिओ गिऱ्हाइकाला जातो. लग्नाच्या अल्बममध्ये लावायला, लेकीला दाखवायला. त्यांनी पैसे दिलेत, त्यांच्या साडीवर आमच्या नंबराचं काय काम?

सांगलीच्या काकूंची साडी यंदा आखाजीला मागावर चढली. मोरपंखी, बांगडी मोराचा पदर. दर रविवारी मी त्यांना जेवढं विणून झालं तेवढ्याचा व्हिडिओ पाठवते, कोराच. पहिल्या व्हिडिओनंतर त्यांचा निरोप आला, कॅलेंडर अजून तिथंच आहे का? या रविवारी शूट करताना मी फोन थोडा वर धरला.